शाम्पूत तेल घातलं की केस कोरडे होत नाहीत?

प्रश्न : ताई, माझे केस कुरळे आहेत आणि पाठीपर्यंत येतात. शाम्पू केला की टोकं राठ होतात, नाही केला तर टाळू चिकट होते. म्हणून घरीच तेलाचा शाम्पू करायचं ठरवलं. आधी नेहमीच्या शाम्पूच्या बाटलीत दोन मोठे चमचे खोबरेल तेल घातलं. फेस गेला आणि सकाळी तेल वर तरंगत होतं. मग खोबरेल तेलाचा पातळ साबण केला. त्याने केस आणखी राठ झाले, वर चिकटही. साबणाचा पीएच जास्त असतो असं वाचलं होतं, म्हणून त्यात सायट्रिक ॲसिड टाकलं, तर सगळं नासल्यासारखं फाटलं. मळ निघेल आणि केस कोरडे होणार नाहीत, असा तेलाचा शाम्पू होतो की नाही? तेल कोणतं घेऊ आणि किती?

उत्तर : होतो. पण "तेल कोणतं आणि किती" हा तुमचा प्रश्न मी जरा मागे ठेवते, कारण अडचण तिथे नाही. शाम्पूने केस कोरडे पडतात ते त्यात तेल कमी असतं म्हणून नव्हे. धुणारा घटक कोणता आहे, किती आहे, मिश्रणाचा पीएच काय आहे (म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे; आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) आणि धुऊन झाल्यावर केसावर काय मागे राहतं, यावर सगळं ठरतं. शाम्पूच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी तेल घालून बघावंसं वाटतं. वाटणं साहजिक आहे. केस कोरडे म्हणजे तेल कमी, हा हिशोब सरळ दिसतो. पण धुण्याचं रसायन त्या हिशोबाने चालत नाही.

टाळूतून जे तेल येतं त्यात ट्रायग्लिसराइड असतात, मेणासारखे एस्टर असतात, स्क्वॉलीन असतं. त्याला धूळ आणि मेलेल्या त्वचेचे कण चिकटतात. हा थर नुसत्या पाण्याने निघत नाही. शाम्पूतल्या सर्फॅक्टंटच्या, म्हणजे धुणाऱ्या घटकाच्या, रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात हे रेणू पुरेसे झाले की एकत्र येऊन बारीक गोळे करतात. त्यांना मायसेल म्हणतात. तेलाकडची टोकं आत, पाण्याकडची बाहेर. टाळूचं तेल या गोळ्यांच्या पोटात शिरतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं.

आता तुमचं दोन चमचे खोबरेल कुठे गेलं ते बघा. सर्फॅक्टंटला तुमच्या टाळूवरचं तेल कोणतं आणि बाटलीतलं कोणतं, हा फरक कळत नाही. तुम्ही घातलेल्या तेलानेच बरेचसे मायसेल आधी भरून टाकले. उरलेलं तेल मावलं नाही म्हणून वर आलं. फेस गेला, कारण तेलाचे थेंब बुडबुड्यांच्या पातळ पडद्यात घुसून तो फोडतात. आणि जे तेल मायसेलमध्ये मावलं होतं, ते केस विसळताना पाण्याबरोबर निघून गेलं. म्हणजे शाम्पूची धुण्याची ताकद कमी झाली आणि केसाला मिळालं जवळपास काहीच नाही. शाम्पूत तेल घालायचंच असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि त्याचा विचारही बाकी सगळं माप ठरल्यावर. त्या प्रमाणात तेलाने फेस जरा मलईदार होतो, हाताला बरा लागतो. त्यापेक्षा जास्त अपेक्षा त्याच्याकडून नको.

साबणाचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण "तेलापासून बनलेला म्हणजे सौम्य" ही समजूत फार खोल रुजलेली आहे.

तेलात कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) मिसळलं की तेल तेल राहत नाही. त्याचे तुकडे होऊन फॅटी ॲसिडचे पोटॅशियम क्षार तयार होतात, म्हणजेच पातळ साबण, आणि सोबत ग्लिसरीन सुटतं. मूळ तेलाचा स्निग्धपणा त्या क्षारांमध्ये शिल्लक नसतो. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं. त्याची साखळी आखूड, बारा कार्बनची. तेल म्हणून ती केसाला उत्तम, पण साबण झाली की तीच साखळी पाण्यात चटकन विरघळते, भरपूर फेस देते आणि तेल अगदी खरवडून काढते. त्यामुळे खोबरेलाचा साबण हा केस सगळ्यात जास्त कोरडे करणाऱ्या साबणांपैकी एक. ऑलिव्हच्या तेलाचा साबण त्याहून सौम्य, पण फेस कमी आणि बुळबुळीत. शाम्पूतल्या ज्या सोडियम लॉरिल सल्फेट या सर्फॅक्टंटला सगळे नावं ठेवतात, तेही खोबरेलापासून किंवा पाम कर्नल तेलापासूनच बनवता येतं. तेव्हा बाटलीवर "खोबऱ्यापासून" असं लिहिलेलं वाचून काहीही ठरवू नका. तेल कुठलं होतं यापेक्षा त्याचं पुढे काय केलं, ते महत्त्वाचं.

साबणाची दुसरी अडचण पीएचची. साबणाचा पीएच ९ ते १० असतो. टाळूचा सुमारे ५.५, आणि केसाच्या दांड्याचा ३.६७ मानला जातो. पीएच वाढला की केसाच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार वाढतो, केस एकमेकांना ढकलतात, बाहेरचे खवले उचलले जातात, घर्षण वाढतं. विंचरताना जो करकरीतपणा जाणवतो तो हा. २०१४ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी १२३ शाम्पूंचा पीएच मोजला होता. तो ३.५ पासून थेट ९ पर्यंत पसरलेला निघाला. म्हणजे विकतच्या बाटल्यांमध्येही सगळं आलबेल नसतं. पण निदान तिथे पीएच खाली आणता येतो. साबणाचा येत नाही. तुम्ही सायट्रिक ॲसिड टाकलंत तेव्हा साबणाचे क्षार पुन्हा फॅटी ॲसिड झाले. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून पांढऱ्या गुठळ्या होऊन वर आली. ते मिश्रण बिघडलं ते तुमच्या हाताच्या चुकीने नव्हे. साबण आम्लात टिकतच नाही, कुणीही केला तरी.

चिकटपणाचं कारण पाणी. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतील तर साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा राखाडी थर करतो. बादलीच्या कडेला साबणाचं जे कडं बसतं, तेच केसावर बसतं. साबणानेच केस धुवायचे असतील तर शेवटच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड अगदी थोडं थोडं घालून पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर पीएच ४ ते ५ आणायचा आणि त्या पाण्याने केस विसळायचे. म्हणजे आम्ल बाटलीत नाही, नंतरच्या पाण्यात. फरक लगेच हाताला कळतो. तरी माझं स्पष्ट मत आहे की लांब, कुरळ्या, आधीच राठ केसांना साबण नकोच. १९३४ साली अमेरिकेत ड्रीन हा साबणाशिवायचा शाम्पू आला तो याच कटकटीवर उपाय म्हणून. जड, म्हणजे असे क्षार असलेल्या, पाण्यातही त्याचा थर बसत नव्हता.

आणि साबण पुन्हा करणारच असाल तर पोटॅशचं वजन अंदाजाने कधीही घेऊ नका. एक ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला २४८ ते २६५ मिलिग्रॅम शुद्ध पोटॅश लागतं, ऑलिव्हला १८४ ते १९६ आणि एरंडेलाला १७६ ते १८७. तेल बदललं की पोटॅश बदलतं. शिवाय विकत मिळणारं पोटॅश बहुतेकदा ९० टक्क्यांच्या आसपासच शुद्ध असतं. पोटॅश पाण्यात टाकायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांना गॉगल आणि हातात मोजे हवेतच, ॲल्युमिनियमचं भांडं नको.

आता खऱ्या अर्थाने तेलाचा शाम्पू. तुम्हाला जे हवंय त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे पाणीच नसलेलं, धुता येणारं तेल. तेल तेलाला विरघळवतं, हे त्यामागचं साधं तत्त्व. टाळूवर घट्ट बसलेला मेणकट थर तेलात सैल होतो. प्रश्न एवढाच की ते तेल नंतर निघायचं कसं. त्यासाठी तेलातच इमल्सिफायर मिसळून ठेवायचा. पाणी लागेपर्यंत तो स्वस्थ बसतो आणि पाणी लागलं की तेलाचे बारीक थेंब करून पाण्याबरोबर नेतो.

१०० ग्रॅमचं माप देते. कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड ६० ग्रॅम. हे खोबरेल किंवा पाम कर्नल तेलातल्या आखूड फॅटी ॲसिडपासून केलेलं हलकं, न गोठणारं तेल. सूर्यफूल तेल १९.५ ग्रॅम, पॉलिसॉर्बेट ८० १२ ग्रॅम, सॉर्बिटन ओलिएट ८ ग्रॅम, व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम. दोन इमल्सिफायर का, एक का नाही? इमल्सिफायर पाण्याकडे जास्त झुकतो की तेलाकडे, याचा एक आकडा असतो, त्याला एचएलबी म्हणतात. पॉलिसॉर्बेट ८० चा १५, म्हणजे तो पाण्याचा माणूस. नुसता तो तेलात नीट मिसळत नाही, तळाशी बसतो. सॉर्बिटन ओलिएटचा ४.३, तो तेलाचा. १२ आणि ८ या प्रमाणात घेतले तर सरासरी १०.७ च्या आसपास येते. या आकड्याला मिश्रण तेलातही बऱ्यापैकी राहतं आणि पाणी लागल्यावर केसावरून तेलही सोडवतं. थोडं धूसर दिसेल, वापरण्याआधी बाटली हलवायची. एरंडेल घालू नका. ते फार दाट, केसातून सुटायला वेळ घेतं आणि मग लोक पुन्हा कडक शाम्पू लावतात.

केसाला लावण्याआधी एक चाचणी करा. काचेच्या बशीत या तेलाचे चार-पाच थेंब घ्या आणि बोटाने पाण्याचा एक थेंब त्यात मिसळा. आधी ते घट्ट होईल, बोटाला ओढ लागेल. आणखी पाणी घाला. आता ते एकदम सैल होऊन एकसारखं दुधाळ व्हायला हवं. मग बशी नळाखाली तिरकी धरा. पांढरं पाणी वाहून काच मोकळी दिसली तर तेल जमलं. काचेवर तेलाचे चकचकीत ठिपके राहिले तर इमल्सिफायर कमी पडतोय. तो दोन ग्रॅम वाढवा, तेवढं तेल कमी करा, पुन्हा बघा. काचेवर जे राहतं ते केसावरही राहणार.

वापरायचं कोरड्या केसांवर. केस ओले असतील तर दूध आधीच होईल आणि टाळूवरचा मेणकट थर तसाच राहील. टाळूला बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटं चोळा, उरलेलं टोकांना लावा. मग हातात थोडं कोमट पाणी घेऊन पुन्हा चोळा, दुधाळ होईपर्यंत. नंतर भरपूर पाण्याने धुवा. धुताना घाई नको. कुरळ्या, जाड, राठ केसांना हे एकटं पुरतं. केस बारीक आणि सरळ असतील तर मात्र ते मुळाशी चपटे दिसतात. त्यांनी यानंतर टाळूवर थोडासा सौम्य शाम्पू फिरवावा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि पहिल्यांदा कानामागे लावून एक दिवस थांबा. न्हाणीघराची फरशी धुऊन टाका, ती निसरडी होते आणि पडायला एक क्षण पुरतो.

प्रश्न : मला फेस हवा. फेस आल्याशिवाय डोकं धुतल्यासारखं वाटत नाही. फेस येणारा पण कोरडा न करणारा शाम्पू घरी जमेल का? सल्फेट नसलेला असावा, एवढीच अट.

उत्तर : जमेल. पण अट जरा तपासून घ्या. सल्फेट म्हटलं की सगळे एकाच रांगेत उभे केले जातात, ते बरोबर नाही. सोडियम लॉरिल सल्फेट एकटं, जास्त प्रमाणात, खरोखर कडक आहे. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य, आणि त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन दिलं तर आणखी सौम्य. त्यामागचं कारण कळलं की पुढची सगळी जुळवणी सोपी जाते. त्वचेला त्रास देण्यात मायसेलपेक्षा पाण्यात सुटे फिरणारे सर्फॅक्टंटचे रेणू पुढे असतात. दोन वेगळ्या जातीचे सर्फॅक्टंट एकत्र आले की ते एकमेकांत नीट बसतात, मिश्र मायसेल लवकर तयार होतात आणि सुटे रेणू कमी उरतात. म्हणून एकाच "सौम्य" घटकाचा शाम्पू करण्यापेक्षा दोन-तीन घटकांचा केलेला केव्हाही बरा. उलट, सल्फेट नसलेला पण सर्फॅक्टंट ठासून भरलेला शाम्पू केस कोरडे करतोच.

सल्फेटशिवायचं १०० ग्रॅमचं माप असं. डेसिल ग्लुकोसाइड १० ग्रॅम, कोकामिडोप्रोपिल बीटेन १५ ग्रॅम, सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट १० ग्रॅम, ग्लिसरीन २ ग्रॅम, कॅटआयॉनिक ग्वार ०.२ ग्रॅम, सोडियम फायटेट (पाण्यातले धातूंचे कण बांधून ठेवणारा घटक) ०.२ ग्रॅम, जंतू रोखायला सोडियम बेंझोएट ०.५ ग्रॅम आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.३ ग्रॅम, आवडतं तेल ०.५ ग्रॅम. बाकी डिस्टिल्ड वॉटर.

धुणाऱ्या घटकांचं प्रमाण दिसतं तेवढं नसतं, कारण हे घटक पाण्यात विरघळवलेलेच मिळतात. ग्लुकोसाइड साधारण ५० टक्के, म्हणजे १० ग्रॅममध्ये खरं ५ ग्रॅम. बीटेन ३० टक्के, म्हणजे १५ ग्रॅममध्ये साडेचार. सार्कोसिनेट ३० टक्के, म्हणजे तीन. बेरीज साडेबारा. रोज किंवा एक दिवसाआड धुणाऱ्यांनी ती आठ-नऊवर आणावी. तुमच्या बाटलीवर टक्केवारी वेगळी असेल तर याच रीतीने पुन्हा हिशोब करा. कोणतं तेल घालू यावर रात्र घालवण्यापेक्षा ही बेरीज दहा मिनिटं बसून करणं जास्त उपयोगाचं आहे, हे मी कळकळीने सांगते.

या मापात कोरडेपणा खरा कोण रोखतं, तर ०.२ ग्रॅम ग्वार. ही ग्वारच्या बियांच्या गोंदावर धन विद्युतभार बसवून केलेली पूड. बाटलीत ती सर्फॅक्टंटबरोबर विरघळून राहते. डोक्यावर पाणी पडून शाम्पू पातळ होऊ लागला की ग्वार आणि ऋणभाराचा सर्फॅक्टंट मिळून पातळसर जेल वेगळी होते आणि केसावर बसते. तेलाचा एखादा थेंब तिच्यात अडकला तर तोही बसतो. म्हणजे जे काम नुसत्या तेलाला साधत नाही ते ही चिमूटभर पूड विसळतानाच्या त्या काही सेकंदांत करून जाते. माझ्या मते शाम्पूतली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे. म्हणूनच मापात सार्कोसिनेट ठेवलं आहे. त्याच्यावर ऋणभार आहे. नुसत्या ग्लुकोसाइडवर ग्वार अशी बसत नाही. पण ग्वार वाढवू नका. अर्ध्या ग्रॅमला केस आठवडाभरात जड आणि मळकट वाटू लागतात.

कृतीत दोन ठिकाणी लक्ष लागतं. ग्वार थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग ती पेस्ट पाण्यात सोडा, सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचे दोन थेंब द्या आणि फुगायला वेळ द्या. दुसरं म्हणजे डेसिल ग्लुकोसाइड मुळात भलतं अल्कधर्मी असतं, पीएच ११ च्या वर. म्हणून सगळं मिसळल्यावर पीएच मोजल्याशिवाय शाम्पू डोक्याला लावायचा नाही. सायट्रिक ॲसिडचं पाणी करून ते थेंबाथेंबाने घाला, ढवळा, पट्टी लावा, पुन्हा घाला. ५ ते ५.२ ला थांबा. तिथे येताना शाम्पू दाट होऊ लागतो, कारण त्या पीएचला सार्कोसिनेट आणि बीटेन एकमेकांना धरतात. मीठ घालून दाट करायचा प्रयत्न करू नका. ती युक्ती लॉरेथ सल्फेटला चालते, ग्लुकोसाइडला नाही. झँथन गमही नको, त्याचा ऋणभार ग्वारला धरून गुठळ्या करेल. शाम्पू विकतच्याएवढा दाट होणार नाही. पंपाच्या किंवा फेस काढणाऱ्या बाटलीत भरा, प्रश्न मिटला.

तेल सगळ्यात आधी ग्लुकोसाइडमध्ये घोटून घ्यायचं, मग बाकीच्यात मिसळायचं. शेवटी वरून ओतलं तर तरंगेल.

प्रश्न : प्रिझर्व्हेटिव्ह टाळता येईल का? व्हिटॅमिन ई घातलंय आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवते.

उत्तर : नाही. व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून वाचवतं. जंतूंवर त्याचा उपयोग नाही. पाणी असलेल्या शाम्पूत जंतू वाढतात, फ्रिजमध्येही वाढतात, फक्त हळू. आणि वास किंवा रंग बदलण्याच्या आधीपासून ते तिथे असू शकतात. टाळूवर बारीकशी जखम असेल, डोळ्यांत शाम्पू गेला, तर त्याचा त्रास गंभीर होऊ शकतो. बेंझोएट आणि सॉर्बेट पीएच ५ च्या आसपास किंवा खालीच काम करतात. ६ वर गेलं की असून नसल्यासारखे. म्हणजे पीएच सांभाळणं हे केसांसाठी आहे तसंच टिकण्यासाठीही. पाणी नसलेल्या तेलाच्या शाम्पूला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पण ओला हात बाटलीत घालायचा नाही.

प्रश्न : टाळू तेलकट, टोकं कोरडी. दोन वेगवेगळे शाम्पू वापरू का?

उत्तर : शाम्पू एकच पुरे, लावायची जागा बदला. शाम्पू टाळूला. विसळताना जो फेस खाली उतरतो तेवढा टोकांना पुष्कळ होतो. टोकं हा केसाचा सगळ्यात जुना भाग. खवल्यांच्या बाहेरच्या बाजूला १८-एमईए नावाच्या फॅटी ॲसिडचा अतिशय पातळ थर असतो. तो केसाला रासायनिक बंधाने जोडलेला असतो. ब्लीचने आणि अल्कधर्मी द्रव्यांनी तो निघतो आणि निघाला की पुन्हा येत नाही. म्हणून टोकांना चोळून धुण्याने काहीच साधत नाही.

आणि तेलाची खरी जागा आता सांगते. ती धुण्याच्या आधी आहे. रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून धुताना जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. बाकी दोघांनी नाही. लॉरिक ॲसिडची साखळी आखूड आणि सरळ असल्याने खोबरेल केसाच्या आत शिरतं. मग केस पाण्याने कमी फुगतो, आणि फुगणं कमी म्हणजे खवले उचलले जाणं कमी. धुण्याच्या आदल्या रात्री किंवा निदान काही तास आधी, फक्त खालच्या अर्ध्या केसांना, हाताला चकाकी येईल एवढंच. भिजवून काढू नका, नाहीतर ते काढायला शाम्पू जास्त लागेल.

प्रश्न : नवा शाम्पू खरंच चांगला आहे की मनाला वाटतंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर : मधोमध भांग पाडा. उजव्या बाजूला जुना शाम्पू, डाव्या बाजूला नवा, दोन्हीकडे सारखंच माप, सारखंच पाणी. प्रयोगशाळेतही आम्ही हेच करतो. ओले असताना दोन्ही बाजूंनी एकच कंगवा टोकाकडून वर विंचरत आणा आणि कुठे अडकतो ते बघा. केस वाळल्यावर टोकाची एक बट दोन बोटांत धरून खालून वर सरकवा. खवले उचललेले असतील तर बोटाला अटकाव जाणवतो. करकर आवाज आला म्हणजे केस फार स्वच्छ झाले असं समजू नका. पृष्ठभागावरचं सगळं तेल निघून गेलं आणि घर्षण वाढलं, एवढाच त्या आवाजाचा अर्थ. दुसऱ्या दिवशी टाळूला टिपकागद दाबून दोन्ही बाजूंचा डाग बघा. दुसऱ्याच कुणाला तरी, कोणत्या बाजूला काय लावलं ते न सांगता, हात फिरवून बघायला सांगितलं तर आणखी चांगलं. आणि एका धुण्यावर निकाल देऊ नका. ग्वारचा थर साचतो की नाही हे तीन-चार वेळा धुतल्यावरच कळतं.